ब्लीचच्या हौदाची अर्धी विक्रिया

कोन, ता. भिवंडी
शुक्रवार, दि. ८ फेब्रुवारी १९७४
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

प्रिय सादिक,

आज कारखान्याला सुट्टी. ओटीवर बसून कागदाच्या चिठ्ठ्या कापत होतो. खळ शिजवून ठेवली आहे, ती निवेपर्यंत तुला लिहितो.

चिठ्ठ्या चौदा आहेत. सहांवर 'तेजाब' आणि आठांवर 'सोडा' असे ठळक अक्षरांत लिहिले. आमच्याकडे कोरे कापड ब्लीच करतात त्या खात्यात तेजाब आणि सोड्याचे पाणी एकसारख्याच काचेच्या मोठ्या बरण्यांत येते. लडकू काका तेजाबाच्या बरणीच्या गळ्याला सुंभ बांधतात आणि त्यावरून ओळखतात. अठरा वर्षे असेच चालले आहे. मला ते बरे वाटले नाही. सुंभ कुजला, सुटला, तर? शेठना विचारून मी काल सगळे सुंभ काढले. शेठ रामनाथ म्हणाले, "शिकलेला पोरगा ठेवल्याचा हा फायदा." मी दहावीतून शाळा सोडली आहे, हे त्यांना माहीत आहे, तरी म्हणाले.

लडकू काका म्हणजे आमच्या शेजारचे, हे तुला आठवत असेल. आमचे बाबा गेल्यावर त्यांनीच मला हाताला धरून कारखान्यात नेले होते.

तुझी मागची अर्धी विक्रिया सोडवली. तू क्षपणाची पाठवली होतीस, तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेऊन तांबे होतो ती. मी ऑक्सिडीकरणाची लिहिली: जस्त दोन इलेक्ट्रॉन देते. देणाऱ्याचे दोन, घेणाऱ्याचे दोन. बेरीज करून दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन खोडले. बरोबर असेल तर टिक करून पाठव. एक अर्धी तू, एक मी, हा आपला खेळ मी इथे कुणाला सांगत नाही. हसतील.

आता मला ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची अर्धी पाठव. आमचे रंगमास्तर बोट बुडवून चोळून पाहतात आणि "ठीक आहे" म्हणतात, का ठीक ते सांगत नाहीत. त्यांच्या हाताखाली एक जागा निघणार आहे. मला ती हवी आहे.

तुझा,
केसरीनाथ

•

रत्नागिरी
१५ फेब्रुवारी १९७४

केसरी,

टिक. दोन टिक घे. आमच्या इंटर सायन्सच्या वर्गात ऐंशी जण आहेत, त्यातले साठ जण इलेक्ट्रॉन खोडायचे विसरतात. तू भिवंडीत कापड धूत बसलायस आणि मी इथे मामूच्या माडीवर बसून पाठांतर करतोय. उलट व्हायला हवं होतं.

ही घे तुझी अर्धी:

OCl⁻ + 2H⁺ + 2e⁻ → Cl⁻ + H₂O

म्हणजे हायपोक्लोराइट आयन दोन हायड्रोजन आयन आणि दोन इलेक्ट्रॉन घेतो, आणि क्लोराइड व पाणी तयार होतं. ही आम्ल माध्यमातली. अल्कधर्मी माध्यमातली वेगळी असते, पण परीक्षेत ती क्वचित विचारतात, म्हणून वहीत आहे तीच उतरवली. दुसरी अर्धी तू लिही. इलेक्ट्रॉन देणारा कोण, ओळख.

आणि काय रे मास्तर, लडकू काकांना तुझ्या चिठ्ठ्या वाचून कोण दाखवणार? बरणी बरणीला एक पंतोजी बसवणार आहेस का? सुंभ काय वाईट होता?

सादिक

•

कोन
शुक्रवार, दि. २२ फेब्रुवारी १९७४
दुपारी दोन, जेवण झाल्यावर

प्रिय सादिक,

इलेक्ट्रॉन देणारा म्हणजे कापडाचा पिवळेपणा, असे मी लिहिले. त्याचे सूत्र मला येत नाही, म्हणून 'पिवळेपणा' असाच शब्द घातला. चालेल का?

चिठ्ठ्यांबद्दल तू थट्टा केलीस. काकांनी पहिले दोन दिवस तोंड पाडले होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाला, तीन अक्षरांची ती जालनारी, दोन अक्षरांची ती साबनावानी. हाय का न्हाय?" मी मोजून पाहिले. 'तेजाब' तीन, 'सोडा' दोन. तेव्हापासून एकदाही चुकले नाहीत. उलट मलाच बोलतात, "तुज्यासारखा लिवनारा सुदा असा मोजत न्हाय."

आता एक प्रश्न आहे. गाइडमध्ये वाचला. तुझ्या अर्ध्या विक्रियेत डाव्या बाजूला हायड्रोजन आयन आहेत. बाहेरून तेजाब घालून ते वाढवले, तर विक्रिया उजवीकडे जोराने जाईल का? म्हणजे जे काम बारा तासांत होते ते दोन तासांत होईल का? हो किंवा नाही एवढे लिही.

कारखान्यात काम फार आहे. चाळीस तागे पांढरे करून द्यायचे आहेत आणि मास्तर गावी गेले आहेत. बाकी ठीक.

केसरीनाथ

•

(पोस्टकार्ड)

रत्नागिरी
१ मार्च १९७४

केसरी, उत्तर: हो. डावीकडचं वाढवलं की तोल उजवीकडे सरकतो. आम्ल माध्यमात हायपोक्लोराइटचा जोरही जास्त. पैकीच्या पैकी मार्क! 'पिवळेपणा' चालेल, आमचे सरसुद्धा हसतील. माझी परीक्षा तोंडावर आहे, एप्रिलअखेरपर्यंत लिहीत नाही, रागावू नकोस. सादिक.

•

कोन
शुक्रवार, दि. २६ एप्रिल १९७४
सकाळी साडेआठ

प्रिय सादिक,

तुझी परीक्षा संपली असेल. पेपर कसे गेले ते कळव.

इकडे एक वाईट घडले. दि. १२ मार्च, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास ब्लीचच्या हौदात सोड्याच्या जागी तेजाब पडले. लडकू काकांनी चुकीची बरणी आणली होती. हौदातून पिवळट हिरवा धूर उठला. काका बांबूने कापड दाबत वाकले होते. धूर उठल्यावर त्यांनी पळायला हवे होते, पण कापड जळेल म्हणून ते तागे वर काढत राहिले. अकरा काढले, मग पडले. ठाण्याला नेले. नऊ दिवस तिथे होते. आता घरी आहेत, पण ओटीवरून विहिरीपर्यंत गेले तरी दम लागतो. शेठनी त्यांना कामावरून कमी केले. पोलिसांपर्यंत जाऊ दिले नाही, हे बरेच झाले.

काका फार बोलत नाहीत. ठमाकाकीने पाण्याचा तांब्या दिला, तर आधी विचारतात, "हा पानीच हाय ना?" काकी चिडते.

मला १ एप्रिलपासून मास्तरांच्या हाताखाली घेतले आहे. पगार एकशे ऐंशी.

एक विचारायचे होते. हौदातून जो वायू आला तो क्लोरीन ना? मग त्याची दुसरी अर्धी काय? इलेक्ट्रॉन कुणी दिले? पिवळेपणाने दिले असते तर वायू आला नसता, असे मला वाटते. सावकाश उत्तर दिलेस तरी चालेल.

केसरीनाथ

•

रत्नागिरी
३ मे १९७४

केसरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामूच्या आंब्याच्या पेट्या भरायच्या सोडून वाचत बसलो, शिव्याही खाल्ल्या.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ब्लीचच्या पाण्यात हायपोक्लोराइटबरोबर क्लोराइड आधीपासूनच असतं. तेजाब पडलं की ते क्लोराइडच इलेक्ट्रॉन देतं आणि क्लोरीन होतं. हायपोक्लोराइट तेच इलेक्ट्रॉन घेतं आणि तेही क्लोरीनच होतं. दोन्ही अर्ध्यांतून तोच वायू. कापडाचा पिवळेपणा राहिला बाजूला. हौदात सोडा घालतात तो हेच होऊ नये म्हणून. मास्तर बोट चोळून बघतात ना, ते पाणी बुळबुळीत लागतंय का बघतात. बुळबुळीत म्हणजे सोडा पुरेसा आहे. त्या हौदाला लागू होती ती अल्कधर्मी माध्यमातली अर्धी. ती माझ्या वहीत पुढच्याच पानावर होती. मला पान उलटायचा कंटाळा आला.

आता माझा प्रश्न. फेब्रुवारीत तूच मला लिहिलंस की काका अक्षरं मोजतात, तीन म्हणजे तेजाब, आणि एकदाही चुकत नाहीत. मग बारा मार्चला कसे चुकले? आणि त्याच्या अठरा दिवस आधी तू मला विचारलंस, तेजाब वाढवलं तर काम दोन तासांत होईल का. मी वेड्यासारखं 'पैकीच्या पैकी' लिहून पाठवलं. कुठलं गाइड होतं ते? नाव सांग. मी इथल्या दुकानात बघतो.

केसरी, मला खरं लिही. मी तुझ्यावर ओरडत नाही. ती अर्धी माझ्या हाताने लिहिलेली आहे.

सादिक

•

कोन
शुक्रवार, दि. १० मे १९७४
पहाटे पाच वाजून वीस मिनिटे, घरातले उठायच्या आधी

प्रिय सादिक,

गाइड नव्हते.

तुला सरळ विचारले असते की आमच्या हौदात तेजाब घालू का, तर तू नाही म्हणाला असतास, किंवा हसला असतास. मला आधी करून दाखवायचे होते आणि मग तुला लिहायचे होते. पाच लिटरचा हिशोब मी कागदावर मांडला होता. तो कागद मी जाळला.

बरणी मीच ओतली. काका हौदाच्या पलीकडे बांबू घेऊन उभे होते. मी वेळ लिहून घेण्यासाठी दाराशी गेलो, कारण घड्याळ तिथल्या भिंतीवर आहे. तीन वाजून चार मिनिटे असे लिहिले. मागे वळलो तर खाते दिसत नव्हते. मी बाहेर पळालो. काका आत होते. कामगारांनी त्यांना ओढून बाहेर काढले.

शेठ आले तेव्हा हौदाजवळ तेजाबाची बरणी होती आणि काका अंगणात आडवे होते. शेठ म्हणाले, "सोड्याच्या जागी याने तेजाब आणलं ना? याला वाचता कुठे येतं!" माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे विचारलेच. मी "हो" म्हणालो. एवढेच म्हणालो. माझ्या चिठ्ठ्यांमुळे सगळ्यांना ते लगेच पटले. सुंभ असता तर कुणाला पटले नसते.

तुझे पत्र परवा आले. काल संध्याकाळी मी काकांकडे गेलो. त्यांना म्हणालो, "काका, चूक माझी आहे. मी सुंभ काढले, चिठ्ठ्या लावल्या, म्हणून तुमचा घोटाळा झाला."

काका म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतंस? चिठ्ठी मना समजत व्हती. माजाच डोका त्या दिवशी कुठं व्हता कोन जाने."

ठमाकाकी आतून म्हणाली, "डोका नव्हता, डोला फुटला व्हता! अठरा वरसं केला काम, आनि एका बरनीत नाक कापून घेतला."

काका हसले आणि खोकायला लागले. मला म्हणाले, "पोराला चहा दे गो. शिकलेला हाय तरी येतो आपल्याकडं."

मी चहा घेतला. पुढचे बोललो नाही. शेठकडेही गेलो नाही. मास्तरांच्या हाताखालची जागा जाईल.

केसरीनाथ

•

रत्नागिरी
२० मे १९७४

केसरी,

चहा कसा उतरला रे घशाखाली?

तू त्यांना चिठ्ठ्यांचं सांगितलंस आणि मोकळा झालास. त्या माणसाला वाटतंय की आपलं डोकं, आपले हात कामातून गेले. त्याला चिठ्ठ्यांशी काय करायचंय? त्याला हे कळायला हवं की त्याच्याकडून काही चुकलं नाही. ते सांगू शकणारा तू एकटा आहेस. मी इथून पत्र पाठवलं असतं, पण ते वाचून दाखवणार तूच, मग त्यांनी विश्वास का ठेवावा?

आणि एक गोष्ट मला कळत नाही. काका बरण्या ओळखतात. तू तेजाब मागितलंस आणि त्यांनी ते हौदाकडे आणलं, तर ते काहीच बोलले नाहीत? अठरा वर्षांचा माणूस गप्प बरणी आणून देईल? तू अजून काहीतरी ठेवलंयस.

आंब्याच्या कामाचे वीस रुपये मिळाले, ते मनीऑर्डरने पाठवतोय. काकांसाठी. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, न सांगितलंस तरी चालेल. परीक्षेत त्या दोन्ही अर्ध्या आल्या होत्या. मी अल्कधर्मी माध्यमातली लिहिली नाही, जागा कोरी सोडली. परीक्षेच्या आधीही ते पान उलटलं नव्हतं.

सादिक

•

कोन
शुक्रवार, दि. १४ जून १९७४
सकाळी सव्वानऊ

प्रिय सादिक,

होय, ठेवले होते.

काकांनी बरणी आणली, खाली ठेवली, चिठ्ठीवर बोट ठेवून अक्षरे मोजली आणि मला विचारले, "हौदाला तेजाब?" मी म्हणालो, "हो." त्यांनी पुन्हा विचारले, "केसरी, हौदाला?" मी म्हणालो, "शेठनी सांगितलंय." शेठनी काही सांगितले नव्हते. शेठचे नाव घेतले नसते तर काकांनी बरणी उचलून परत नेली असती. हे मी तुलाही लिहिले नव्हते, कारण बाकीचे सगळे अडाणीपणात मोडते, हे मोडत नाही.

दि. ३ जूनला आधी शेठकडे गेलो. मास्तर आणि दोन कामगार तिथे होते, तरी बोललो. शेठनी हातातली वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मिटलेलं उकरून तुला काय मिळालं?" मी म्हणालो, काकांना परत घ्या. ते म्हणाले, "दोन पायऱ्या चढला की बसतो तो. त्याला घेऊन काय करू?" मला मात्र तिथेच कमी केले. जळलेल्या कापडापोटी पगारातले त्रेसष्ट रुपये कापले. मास्तर माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "अरे, मला विचारायचं होतंस." मी म्हणालो, तुम्ही गावी होता. ते म्हणाले, "मग थांबायचं होतंस."

तिथून तसाच काकांकडे गेलो. काका ओटीवर बसले होते, काकी तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगायला लागलो, तर काका म्हणाले, "परत तीच कथा? सोड रं ती."

मी म्हणालो, "काका, मी तेजाबच मागितलं होतं. तुम्ही बरोबर आणलंत. तुम्ही विचारलंत, हौदाला तेजाब? मी म्हणालो, शेठनी सांगितलंय. ते खोटं होतं."

काकीचे निवडणे थांबले. काकांनी मला जवळ बोलावले आणि हळू विचारले, "मी इचारला व्हता?"

"हो."

"एकदा का दोनदा?"

"दोनदा."

"दोनदाच," काका म्हणाले. "मना आठवत व्हता. पर मना वाटला, दवाखान्यात तापात तसा दिसला असंल." मग काकीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का गो? मी इचारला व्हता. दोनदा इचारला!" त्यांना खोकला आला, तरी ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. परीक्षेत पास झालेला माणूस घरी येऊन सांगतो तसा त्यांचा आवाज होता. सादिक, इतक्या महिन्यांत मी त्यांना तसे बोलताना ऐकले नव्हते. क्षणभर मला बरे वाटले. वाटायला नको होते.

कारण मग काका माझ्याकडे नवीन माणसाकडे पाहावे तसे पाहू लागले. "बाला" म्हणाले नाहीत. म्हणाले, "केसरीनाथ, तू आता घरा जा."

काकी माझ्या मागून पायरीपर्यंत आली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तीन महिने मी या मानसाला बोलत व्हते. आंधला म्हनले, नाक कापलास म्हनले. तुज्यापायी म्हनले मी ते सगला. तू रोज येत व्हतास, अंडी आनत व्हतास, नि मी त्याला सांगत व्हते, बघ, शेजारच्या पोराला किती दया हाय तुजी." मी पैशाचे काही बोलू लागलो. ती म्हणाली, "औषदाचा पैसा तुजा तुला. तो तू दयेचा दिलास, मना नको. मना त्याची मजुरी पायजे. तो कामावर उभा ऱ्हाईल त्या दिवसापावत. दर शुक्रवारी आन, पायरीवर ठेव. वर चढू नको."

डॉक्टरांना मी विचारले होते. काका कामावर उभे राहतील असे ते म्हणाले नाहीत.

दि. ६ जूनपासून भिवंडीत एका लूमवर सुताच्या कांड्या भरायला जातो. आज सकाळी काकीच्या पायरीवर दुसऱ्यांदा पैसे ठेवले. काका ओटीवरच होते. मी 'येतो' म्हणालो. त्यांनी ऐकले असावे.

तुझे वीस रुपये मी मजुरीतच दिले, तुझे नाव घेतले नाही. ते माझ्याकडून तुझे देणे राहिले. अर्धी तुझ्या हातची होती हे तू पुन्हा लिहू नकोस. तू बरोबर लिहिली होतीस. यापुढे मला विक्रिया पाठवू नकोस. पत्रे पाठव.

आजचा हिशोब खाली देतो. तू तपासून बघ, बेरजेत चूक नको.

झालेला खर्च:
दि. १२ मार्च, ठाण्याला नेण्याची टॅक्सी — रु. १८.००
औषधे आणि इंजेक्शने — रु. ४६.५०
ठाण्याच्या खेपा, एसटी — रु. ५.४०
शेठनी कापडापोटी कापले — रु. ६३.००
एकूण — रु. १३२.९०

देणे:
लडकू काकांची मजुरी, दि. १३ मार्च ते १३ जून, शुक्रवार वगळून ८० दिवस, दर रु. ५.०० — रु. ४००.००
त्यापैकी पायरीवर ठेवले — रु. ३५.००
बाकी — रु. ३६५.००
सादिक याचे — रु. २०.००
एकूण देणे — रु. ३८५.००

उद्यापासून मजुरीत रोजची वाढ — रु. ५.००
कांड्या भरण्याचा माझा रोज — रु. ४.००

केसरीनाथ